झारची तसबीर हाती घेऊन निघालेले कामगार लाचार होते का?

रशियन चित्रकार व्हॅलेंटिन सेरोव्ह यांच्या १९०५ च्या चित्रात घोडेस्वार मोठे आणि कामगार दूरवर पुसट का आहेत, आणि जुलमी झारकडे दाद मागायला निघालेले हे लोक त्याचीच तसबीर घेऊन का चालले होते, हा लाचारपणा नव्हे का, असे आपण विचारले आहे. यातील दुसरा प्रश्न आमच्या घरात अनेक वर्षे धुमसतो आहे, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

ते लाचार नव्हते. माझे वडील सोलापुरातील एका गिरणीत साच्यावर होते. गिरणी बंद पडली आणि थकलेल्या पगाराचे व ग्रॅच्युइटीचे काय, हे कोणी सांगेना, तेव्हा कामगारांनी जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. पुढच्या रांगेत वडिलांच्या हाती गिरणीच्या मूळ शेटजींची तसबीर होती. खंडेनवमीला साच्यांबरोबर जिची पूजा होत असे, तीच. युनियनमधले माझे थोरले मामा भर रस्त्यात त्यांना म्हणाले, “दाजी, आपल्या पोटावर पाय देणाऱ्यांच्या आजोबाला हार घालून मिरवता?” वडील एवढेच म्हणाले, “शेटजींनी दिलेला शब्द यांना आठवावा, म्हणून आणलीय.” त्यानंतर दोघांचे बोलणे तुटले ते तुटलेच. वडील गेले, तरी मामा आजही प्रत्येक लग्नकार्यात तो विषय काढतात.

तसबीर ही तेथे साक्षीदार असते. जुन्या पंचांगाप्रमाणे ९ जानेवारी १९०५ रोजी (नव्या पंचांगाप्रमाणे २२ जानेवारी) रशियाची तेव्हाची राजधानी सेंट पीटर्सबर्गचे कामगार त्यांचे नेते, धर्मगुरू फादर गॅपन यांच्यामागे देवाच्या प्रतिमा आणि झार निकोलस दुसरा याच्या तसबिरी घेऊन हिवाळी राजवाड्याकडे निघाले, ते राजाला त्याचे कर्तव्य दाखवायला. पुतिलोव्ह कारखान्यातील चौघांना कामावरून काढल्याने संपाला तोंड फुटले होते. परंतु अर्जात आठ तासांच्या दिवसाबरोबर लोकांनी निवडलेल्या घटना सभेचीही मागणी होती. लाचार माणूस राजाकडे घटना सभा मागत नाही. झार त्या दिवशी राजवाड्यात नव्हताच, तो शहराबाहेर त्सारस्कोये सेलो येथील राजवाड्यात होता, आणि अर्ज घेण्याऐवजी सैन्याने गोळ्या झाडल्या. मृतांचा सरकारी आकडाच सुमारे १३० होता.

आता चित्राविषयी. सेरोव्ह यांनी वासिल्येव्स्की बेटावरील कला अकादमीच्या खिडकीतून हा हल्ला स्वतः पाहिला. टेम्परा रंगांतील त्या चित्रात उपसलेल्या तलवारींचे स्वार पुढे आहेत, जमाव मागे आहे आणि मधली बरीचशी जागा मोकळी आहे. कामगारांना वीरपुरुष न करता चित्रकाराने मारणाऱ्यांना मोठे केले, कारण आरोप त्यांच्यावर आहे, असे माझे ठाम मत आहे. शीर्षकही सैनिकांनाच उद्देशून आहे: शूर शिपायांनो, कुठे आहे तुमची कीर्ती? याच सेरोव्ह यांनी १९०० मध्ये निकोलसचे व्यक्तिचित्र रंगवले होते. पण त्या सैन्याचे प्रमुख असलेले झारचे काका ग्रँड ड्यूक व्लादिमीर हेच अकादमीचे अध्यक्ष होते, म्हणून सेरोव्ह यांनी अकादमीचे सदस्यत्व सोडले. आपण ती दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत.

हेही नोंदवायला हवे की आमच्या मोर्चावर गोळीबार झाला नाही, म्हणून दोन्ही प्रसंगांना मी एका तराजूत घालत नाही. मामांचा संतापही निराधार नाही. ज्या शहराने मे १९३० मधील गोळीबार आणि मार्शल लॉ सोसला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे पाहिले, त्या शहरातील माणसाचा अर्ज-विनंत्यांवर विश्वास नसणे मला समजते. परंतु १९०५ च्या जानेवारीतील त्या रशियन अर्जदारांवर गोळ्या चालल्या म्हणूनच रशियाभर संप पसरले आणि ऑक्टोबरमध्ये झारला जाहीरनामा काढून निवडलेली ड्यूमा, म्हणजे संसद, देण्याचे वचन द्यावे लागले. त्या लढ्याची पहिली रांग तसबिरी धरून चालणाऱ्यांची होती, आणि मामांनी वडिलांना त्या रांगेतून वगळू नये.