नृत्याकडून छायाचित्रणाकडे वळताना

नृत्याबरोबर छायाचित्रणही हाती घेण्याचा तुमचा विचार योग्य आहे, कारण सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कधी येणार हे ज्याच्या अंगात भिनलेले असते, त्याला शटर क्षणभर आधी का दाबावे लागते हे लवकर उमगते. कथकच्या चक्करांसाठी शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवा. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावा लागून चित्र दाणेदार झाले तरी चालेल, हललेला चेहरा मात्र नंतर सुधारता येत नाही. रंगमंचावर फ्लॅश नको, हे तुम्हा नर्तकांना वेगळे सांगायला नकोच. व्यक्तिचित्र टिपताना नवशिके रुंद कोनाची लेन्स घेऊन फार जवळ जातात आणि नाक मोठे दिसते. मागे सरून ८५ मिमीची लेन्स वापरा. बडोद्यात आहातच, तर महाराजा फतेहसिंह संग्रहालयातील राजा रविवर्मांच्या व्यक्तिचित्रांत चेहऱ्यावर प्रकाश कोणत्या बाजूने पडतो, ते निरखा. स्टुडिओचे दिवे इतक्यात विकत घेऊ नका.