पेपर विकत घेऊन मुलगी संशोधक होणार नाही

प्रश्न : मुलगी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला एपिडेमिऑलॉजीत (साथरोगशास्त्रात) जायचे आहे. पीएसएम (सामाजिक व प्रतिबंधात्मक वैद्यक) घेतले तर नातेवाईक काय म्हणतील, याची चिंता वाटते. निदान पेपर, म्हणजे छापलेले शोधनिबंध, तरी दाखवता यावेत. एका मोठ्या संशोधकाचा एच-इंडेक्स, म्हणजे संशोधनाचे वजन सांगणारा आकडा, शंभरावर आहे. एक एजंट 18 हजारांत एक याप्रमाणे दहा पेपरांत नाव लावून देतो. पाच हजार आगाऊ दिले आहेत. मुलगी ऐकत नाही, तुम्ही समजवा. – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार. मी तिला समजावणार नाही, कारण तिचेच बरोबर आहे. तुमच्या पत्रात मला खटकले ते ‘नातेवाईक काय म्हणतील’ हे वाक्य. सर्जरी नाही, मेडिसिन नाही, मुलीने पीएसएम निवडले याची तुम्हाला लाज वाटते आणि ती झाकायला पेपर हवे आहेत. त्याची किंमत मात्र ती मोजेल. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती लेखकासाठी चार अटी घालते : कामात भरीव वाटा, लेखन किंवा चिकित्सक सुधारणा, अंतिम मसुद्याला संमती आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चारही पूर्ण व्हाव्या लागतात. पैसे देऊन यातली एकही होत नाही. 2023 मध्ये एकट्या हिंदावी या प्रकाशकाने गैरप्रकारांमुळे आठ हजारांवर निबंध मागे घेतले. मागे घेतलेला निबंध पुसला जात नाही. तो शिक्क्यासह लेखकाच्या नावावर राहतो. बावीस वर्षांच्या मुलीच्या नावावर तो शिक्का तुम्हाला हवा आहे का?

आता एच-इंडेक्स. 2005 मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो मांडला. जितक्या पेपरांना प्रत्येकी निदान तितक्याच सायटेशन्स (इतर निबंधांत आलेले उल्लेख) मिळाल्या, तितका तो. सहा पेपरांना अनुक्रमे 90, 40, 12, 6, 5 आणि 3 सायटेशन्स असतील, तर एच-इंडेक्स 5. एकाच पेपरला दोन हजार सायटेशन्स असतील, तर फक्त 1. तो वयाबरोबर वाढतो, कमी कधी होत नाही आणि लेखक पहिला होता की तीनशेवा, हे त्याला कळत नाही. एपिडेमिऑलॉजीत हा फरक फार मोठा पडतो. जगभरातल्या आजारांचा भार मोजणाऱ्या ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’सारख्या प्रकल्पाच्या एकेका निबंधाला शेकडो सहलेखक असतात आणि हजारो सायटेशन्स मिळतात. शिवाय गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही (तज्ज्ञांच्या तपासणीआधीचे मसुदे) मोजतो, म्हणून तिथला आकडा स्कोपस या निवडक नियतकालिकांच्या सूचीपेक्षा बहुधा जास्तच दिसतो. शंभराचा आकडा पाहिलात, तर त्यातले किती पेपर त्या व्यक्तीने स्वतः उभे केले तेही पाहा. पहिले आणि शेवटचे नाव कोणाचे आहे, तिथून सुरुवात करा.

या विषयात वजन कशाला असते, ते गडचिरोलीत पाहा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचा घरोघरच्या नवजात बालसेवेचा निबंध 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. 39 गावांत सेवा, शेजारच्या गावांशी तुलना आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात 62 टक्के घट. त्यामागे वर्षानुवर्षे घरोघर जाऊन केलेली जन्म-मृत्यूची नोंद होती. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासातली मुले आज मोठी झाली, तरी पाठपुरावा थांबलेला नाही. असले काम इंटर्नशिपपूर्वी दहा वेळा होत नसते.

वाट सरळ आहे : नीट-पीजीनंतर एमडी कम्युनिटी मेडिसिन (पीएसएमचेच दुसरे नाव), किंवा चेन्नईच्या एनआयई या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेतून अथवा त्रिवेंद्रमच्या अच्युत मेनन केंद्रातून एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी.

आत्ता तिने आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या दोन महिन्यांच्या विद्यार्थी प्रकल्पासाठी अर्ज करावा. विषय लहान ठेवावा. नमुना, म्हणजे किती लोकांची माहिती घ्यायची ते, आधी मोजावा : जे शोधायचे त्याचे लोकांतले अपेक्षित प्रमाण 30 टक्के आणि 5 टक्क्यांची अचूकता धरली, तर 4×30×70÷25, म्हणजे 336, दहा टक्के लोक उत्तर देणार नाहीत असे धरून 374. माहिती गोळा करण्यापूर्वी एथिक्स कमिटीची मंजुरी हातात हवी. नंतर ती मिळत नाही आणि सगळे फॉर्म वाया जातात. एक्सेलमध्ये एकाच रकान्यात ‘हो’, ‘वाय’ आणि ‘1’ अशी सरमिसळ करू नये. विश्लेषणाच्या वेळी बहुतेक प्रकल्प इथेच अडतात. ऑर्सिड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, आजच काढावा, म्हणजे पुढे आडनाव बदलले तरी पेपर विखुरणार नाहीत.

आगाऊ दिलेले पाच हजार सोडून द्या. पण एजंटला आजच लेखी कळवा की तिचे नाव कोणत्याही निबंधावर लावायचे नाही, आणि ती प्रत जपून ठेवा. तिच्या कॉलेजच्या ई-मेलचा पासवर्ड त्याला दिला असेल, तर उत्तराची वाट न पाहता बदला. आणि हे सगळे तिलाही सांगा; ती नको म्हणत असताना तिच्या नावाने काय चालले होते, हे तिला दुसऱ्या कोणाकडून कळू नये.