आईसाठी केलेले ॲप आता बंद करावे का?

प्रिय वाचक,

दुधाचा रतीब आणि खाडे टिपण्यासाठी तुम्ही आईला एक छोटे ॲप करून दिलेत, ते तोंडोतोंडी पसरत अनोळखी घरांपर्यंत आणि काही गवळ्यांपर्यंत गेले, आणि आता नोकरी व तान्हे मूल सांभाळून रात्री उशिरा तक्रारींना उत्तरे देताना तुम्ही थकून गेला आहात. ॲप बंद करणे हा विश्वासघात ठरेल का, की विकत मागणाऱ्या कंपनीला ते देऊन मोकळे व्हावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते तुम्ही ते बंद करावे. 'नुसते पडू द्यावे' हा तुम्हाला सुचलेला तिसरा मार्ग मला सर्वांत वाईट वाटतो, कारण अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांशी ॲप वेळोवेळी जुळवून घेतले नाही, तर प्ले स्टोअरच्या नियमानुसार नवा फोन घेणाऱ्यांना ते मिळेनासे होते. म्हणजे ते बंद पडणारच, फक्त कोणाला आधी कळणार नाही. ही सेवा जन्मभर चालवण्याचे वचन तुम्ही कोणालाही दिले नव्हते. लोकांचा तुमच्यावर खरा हक्क आहे तो त्यांच्या नोंदींपुरता, आणि तो मात्र तुम्ही काटेकोरपणे पाळला पाहिजे.

म्हणून घोषणेआधी एक शेवटची सुधारणा करा: महिन्यागणिक लिटर, दर, खाडे आणि येणे बाकी हे सारे एका बटणावर एक्सेलमध्ये उघडेल अशा फाइलमध्ये उतरले पाहिजे. गूगलने 'रीडर' ही आवडत्या संकेतस्थळांवरचे नवे लेख एका जागी वाचण्याची सेवा बंद करत असल्याचे मार्च २०१३ मध्ये सांगितले आणि १ जुलैला ते बंद केले; लोक चिडले, पण मधल्या काळात आपापल्या संकेतस्थळांची यादी घेऊन त्यांना दुसरीकडे जाता आले. तुम्हीही किमान तीन महिने द्या, बंद होण्याची तारीख ॲप उघडताच मराठीत दिसू द्या, आणि ती महिनाअखेरीची ठेवू नका, कारण त्याच दिवसांत गवळ्याचे पैसे चुकते होत असतात. कोणी वर्षाची वर्गणी भरली असेल, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करा.

विक्रीबाबत मी तुम्हाला कळकळीने सावध करते. क्रोम ब्राउझरला जोडायचे 'द ग्रेट सस्पेंडर' हे लोकप्रिय एक्स्टेंशन (छोटा पूरक प्रोग्राम) मूळ निर्मात्याने २०२० मध्ये दुसऱ्याच्या हाती दिले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक म्हणून गूगलने ते काढून टाकले. तुमच्या ॲपमध्ये घरांचे पत्ते आणि फोन क्रमांक आहेत, आणि ते लोकांनी तुमच्या भरवशावर दिले आहेत. कोणाला काम पुढे न्यायचेच असेल, तर नोंदी वगळून फक्त सोर्स कोड, म्हणजे ॲपचा मूळ प्रोग्राम, सर्वांसाठी खुला करा.

ज्या गवळ्यांची सगळी उधारी याच ॲपमध्ये आहे, त्यांना मात्र घोषणेआधी स्वतः फोन करा आणि पहिली फाइल त्यांच्यासमवेत उतरवून पाहा. बंद केल्यावर महिनाभराने सर्व्हरवरील नोंदी आणि त्यांचे बॅकअपही पुसून टाका, आणि ते पुसल्याचे सर्वांना कळवा.