उडदामाजी काळे-गोरे

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. नागरिक झाल्यावरची पहिली मतपत्रिका घरी आली, आणि अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, जागेसाठी नावं दोनच: सॅम लिकार्डो आणि एव्हन लो. दोघेही डेमोक्रॅट. "काका, उडदामाजी काळे-गोरे काय निवडायचे? ती जागा कोरीच सोडते," असं तू लिहिलंस. कोरी सोडू नकोस, एवढं सांगायलाच खरं तर बसलो होतो. पण माझं पत्र कधी चार ओळींत संपलंय?

तुला बारामतीची नणंद-भावजय आठवली. पण तिथे पक्ष फुटून दोन झाले होते, चिन्हंही दोन होती. इथे कोणी फुटलेलं नाही. 2010 साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन 14 मंजूर केलं. तेव्हापासून प्रायमरीत, म्हणजे आधीच्या निवड फेरीत, सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच यादीत असतात आणि पहिले दोघे नोव्हेंबरच्या अंतिम निवडणुकीला जातात, मग पक्ष कुठलाही असो. अध्यक्षपद तेवढं यातून वगळलंय.

तुमच्या मतदारसंघात 2024 च्या मार्चमध्ये काय झालं ते तर तू ऐकलं असशील. लिकार्डो पहिले आले. दुसऱ्या जागेसाठी लो आणि ज्यो सिमिटियन, दोघांना बरोब्बर 30,249 मतं! काही आठवडे तर नोव्हेंबरला तिघंही जाणार असंच ठरलं होतं. मग फेरमोजणी झाली आणि लो 5 मतांनी पुढे गेले. आपल्या दिवाळीच्या फराळाला सोफ्यावर दाटीवाटीने बसतात ना, तेवढी माणसं.

मी स्वतः या पेचात दोनदा सापडलो. 2014 साली आमच्याकडे, म्हणजे फ्रीमाँट, सनीव्हेल, क्युपर्टिनोच्या पट्ट्यात, माइक होंडा विरुद्ध रो खन्ना अशी लढत होती. होंडा 2001 पासून खासदार. लहानपणी, दुसऱ्या महायुद्धात, जपानी वंशाचे म्हणून त्यांच्या कुटुंबाला कोलोरॅडोच्या छावणीत डांबलं होतं. समोर खन्ना, वयाने त्यांच्या निम्मे, ओबामांच्या काळात व्यापार खात्यात काम केलेले. आणि तरी ओबामांनी पाठिंबा दिला तो होंडांना. आमच्या मित्रमंडळींत मात्र एकच सूर: "खन्ना आपला माणूस." मला ते पटेना. आडनावावरून मत द्यायचं तर इतकी वर्षं इथे राहून मी शिकलो काय? शिवाय होंडा पैसे वाटणाऱ्या समितीवर, अ‍ॅप्रोप्रिएशन्सवर होते, आणि बार्टची, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेची, लाइन सॅन होजेकडे न्यायला केंद्राकडून 90 कोटी डॉलर मिळाले होते. मी होंडांना मत दिलं. ते साधारण 52-48 ने निवडून आले.

2016 साली पुन्हा तेच दोघे. या वेळी मी खन्नांना दिलं. आडनाव तेच होतं, मीही तोच होतो. पण दोन वर्षांत खन्ना हरूनही गावोगावच्या बैठका सोडत नव्हते, पीएसीचे, म्हणजे निवडणुकीसाठी निधी गोळा करणाऱ्या गटांचे, पैसे घेणार नाही म्हणत होते, आणि त्यांना प्रश्न विचारला की उत्तर मिळत होतं. ते 61-39 ने जिंकले. मी 2014 ला चुकलो होतो का? मला तसं वाटत नाही.

तुझी खरी अडचण मला कळते. दोघांचे माहितीपत्रक शेजारी ठेवलं तर घरांच्या किमती, गर्भपात, हवामान, सगळीकडे तेच. सभागृहातही दोघं बहुतेक वेळा सारखंच बटण दाबतील. म्हणून माहितीपत्रक बाजूला ठेव. लिकार्डो आठ वर्षं सॅन होजेचे महापौर होते, लो आधी कॅम्पबेलच्या नगरपरिषदेत आणि मग 2014 ते 2024 राज्याच्या असेंब्लीत. एकाने शहराचं बजेट चालवलंय, दुसऱ्याने राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, विधेयकं नेलीत. त्या काळातल्या बातम्या वाच: पक्षातलेच लोक विरोधात गेले तेव्हा कोण कसं वागलं? देणग्यांची यादी फेडरल इलेक्शन कमिशनच्या वेबसाइटवर सगळ्यांना खुली आहे, देणाऱ्याच्या व्यवसायासकट. दहा मिनिटं घालव, पुष्कळ कळतं.

आणि खासदाराचं एक काम प्रचारात कधी दिसत नाही. माझ्या आईचा व्हिसा मुंबईत अडकला होता तेव्हा वकिलाने हात टेकले. शेवटी खासदाराच्या इथल्या कार्यालयातल्या एका मुलीने कॉन्सुलेटला चौकशीचं पत्र पाठवलं, आणि दर आठवड्याला मला फोन करत राहिली. तेव्हा ते खासदार कोणत्या गटाचे, पुरोगामी की मवाळ, हे माझ्या मनातही आलं नाही. दोघांच्याही प्रचार कार्यालयात फोन कर, एखादा साधा प्रश्न विचार, आणि कोण परत फोन करतं ते बघ.

एक गंमत सांगतो. तुझ्या शेजारचे ते रिपब्लिकन आजोबा आहेत ना, त्यांचा उमेदवार तर कागदावरच नाही. तरी त्यांचं मत तुझ्याइतकंच मोजलं जाणार. 2012 साली पीट स्टार्क, 1973 पासूनचे खासदार, जूनमध्ये पहिले आले आणि नोव्हेंबरमध्ये आपल्याच पक्षाच्या एरिक स्वॉलवेलकडून हरले. अशा लढतीत दुसऱ्या पक्षाची मतंही निकाल फिरवू शकतात, तेव्हा आजोबांशी बोल. ते कोणाला देणार आणि का, हे ऐकण्यासारखं असेल.

कोणाला द्यायचं ते मी सांगणार नाही. माझं मत तुमच्या मतदारसंघात नाहीच. फक्त पाकिटावर बाहेरून सही करायला विसरू नकोस, आणि ती लायसन्सवरच्या सहीशी जुळली पाहिजे. तू तिथे देवनागरीत केली होतीस ना?

तुझा,
काका