'नेफेश' म्हणजे आत्मा का?

प्रश्न असा आहे: मराठी पवित्र शास्त्र हिब्रू शब्दसूचीच्या मदतीने वाचू लागले की 'नेफेश' हा एकच हिब्रू शब्द स्तोत्रसंहितेत 'जीव' होतो, उत्पत्तीच्या पुस्तकात 'प्राणी' होतो, आणखी कुठे 'मन' होतो आणि 'गणना' या पुस्तकात ६:६ येथे (म्हणजे सहाव्या अध्यायाच्या सहाव्या वचनात) तर चक्क 'प्रेत' होतो. इंग्रजी परंपरेत मात्र त्याचा पहिला अर्थ 'आत्मा' असाच सांगितला जातो. जो शब्द आत्म्याचा, तोच प्रेताचा कसा, आणि मराठीत त्याला एकच प्रतिशब्द देता येईल का?

माझे उत्तर आधीच सांगतो. 'नेफेश'ला 'आत्मा' म्हणण्यापासूनच गोंधळ सुरू होतो. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द 'जीव' हाच आहे, आणि तोही तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतला जीव नव्हे, तर 'जीव लावणे', 'जीव घुसमटणे', 'घरात खाणारे सात जीव' असे आपण रोज बोलतो त्यातला जीव. तो सगळीकडे पुरत नाही. कुठे पुरत नाही तेही पाहू.

नून, पे आणि शीन या तीन अक्षरांचा हा स्त्रीलिंगी शब्द हिब्रू शास्त्रात सुमारे साडेसातशे वेळा येतो. त्याची भावंडे शेजारच्या सर्व सेमिटिक भाषांत, म्हणजे हिब्रूच्याच कुळातल्या भाषांत, आहेत. प्राचीन अक्कादी भाषेतल्या 'नपिश्तु'चे अर्थ गळा, श्वास आणि प्राण असे आहेत. तितक्याच जुन्या उगारिती भाषेत त्याच धातूचा शब्द गळ्यासाठी येतो. अरबीत 'नफस' म्हणजे श्वास आणि 'नफ्स' म्हणजे स्वतःचे आपण, आपला जीव. ही सगळी भावंडे एकत्र ठेवली की शब्दाची मुळे कोठे आहेत ते दिसते. ती आकाशात नाहीत, माणसाच्या गळ्यात आहेत. ज्या वाटेने श्वास आत-बाहेर होतो, ज्या वाटेने पाणी आणि घास खाली उतरतो, आणि जी आवळली असता माणूस मरतो, ती जागा म्हणजे नेफेश.

हा अर्थ केवळ शब्दव्युत्पत्तीचा खेळ नाही, तो शास्त्राच्या ओळींतच जिवंत आहे. ६९व्या स्तोत्राचा आरंभ पाहा: 'होशीएनी एलोहीम, की वाऊ माइम अद् नाफेश'. ('नाफेश' हे 'नेफेश'चेच, वाक्याच्या शेवटी विराम आल्यावर होणारे रूप आहे.) शब्दशः घेतले तर, 'मला वाचव, देवा, कारण आले पाणी नेफेशपर्यंत'. येथे 'पाणी आत्म्यापर्यंत आले' असे भाषांतर केले तर बुडणारा माणूसच ओळीतून नाहीसा होतो. पुढची ओळ पाय टेकायला जागा नसलेल्या खोल चिखलाची आहे आणि त्यापुढच्या ओळीत, हाका मारून मारून घसा कोरडा पडल्याचे सांगताना, कवी घशासाठी 'गारोन' हा वेगळा, निव्वळ शारीरिक शब्द वापरतो. पाणी गळ्याशी आले आहे, आणि म्हणूनच जीव जातो आहे, हे दोन्ही 'नेफेश' या एकाच शब्दात आहे. त्यांपैकी एक अर्थ वाच्य आणि दुसरा लाक्षणिक, अशी फोड कवीने केलेली नाही. आपण 'प्राण कंठाशी आले' म्हणतो तेव्हा प्राण आणि कंठ हे दोन शब्द लागतात. हिब्रूला एकच पुरतो. योना या संदेष्ट्याच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात, माशाच्या पोटातून केलेल्या प्रार्थनेतही पाणी असेच नेफेशपर्यंत येते, आणि यशया ५:१४ मध्ये तर मृतांचा अधोलोकच आपला नेफेश रुंद करून तोंड बेसुमार वासतो. अधोलोकाला आत्मा असल्याचा विचार तेथे नाही. त्याला घसा आहे आणि तो भुकेला आहे.

गळा म्हटला की भूक-तहान आलीच, आणि तिच्यामागोमाग इच्छा येते. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात २३:२४ मध्ये शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात गेल्यास 'आपल्या नेफेशप्रमाणे', म्हणजे पोटभर, मनाला येईल तितकी द्राक्षे खाण्याची मुभा आहे, पण टोपलीत भरून नेण्याची नाही. नीतिसूत्रे २३:२ मध्ये खादाड माणसाला 'बाल नेफेश', म्हणजे शब्दशः 'नेफेशचा धनी', म्हटले आहे. रानात रोज मान्ना, म्हणजे देवाने पुरवलेले अन्न, खाऊन कंटाळलेले इस्राएल लोक गणना ११:६ मध्ये 'आमचा नेफेश सुकून गेला आहे' अशी तक्रार करतात, आणि त्याच्या आदल्याच ओळीत त्यांना मिसरातले मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवत असतात. हे सारे आत्म्याचे वर्णन मानले तर वाचक बिचारा गोंधळणारच. मराठीत मात्र हा अर्थ परका नाही. 'जिवाची मुंबई करणे' यातला जीव हाच खाण्यापिण्याचा, हौसेचा जीव आहे. नीतिसूत्रे २५:२५ मधली ओळ मला या शब्दाच्या सगळ्या वापरांत विशेष आवडते: दूर देशाहून आलेली चांगली बातमी म्हणजे थकलेल्या नेफेशला थंड पाणी. येथे घसा म्हणा, जीव म्हणा, मन म्हणा, ओळ तिन्ही अर्थांनी एकदमच गार करते.

आता 'प्राणी' या भाषांतराकडे वळू, कारण सगळ्या वादाचे मूळ तेथे आहे. उत्पत्ती २:७ मध्ये देव 'अदामा'च्या, म्हणजे जमिनीच्या, मातीपासून 'आदाम', म्हणजे मनुष्य, घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो, आणि मनुष्य 'नेफेश हाया', म्हणजे जिवंत नेफेश, होतो. वाक्यातले क्रियापद नीट पाहावे. मनुष्याला नेफेश मिळाला असे वाक्य म्हणत नाही, मनुष्य नेफेश झाला असे म्हणते. येथे जे फुंकले जाते त्यासाठी 'नेशामा' हा निराळा शब्द आहे. माती आणि श्वास मिळून जे झाले ते सगळेच्या सगळे नेफेश. शिवाय हेच दोन शब्द, 'नेफेश हाया', पहिल्या अध्यायात पाण्यातल्या जलचरांसाठी आणि जमिनीवरच्या पशूंसाठी आधीच येऊन गेले आहेत. म्हणून दुसऱ्या अध्यायात ते शब्द माणसाला पशूंपासून वेगळा काढण्यासाठी नाहीत. उलट मासा, गाय आणि माणूस हे सगळे जीव आहेत, असेच ते सांगतात. मराठी भाषांतरातला 'जीवधारी प्राणी' अर्थाला धरून आहे, पण 'धारी' या शेपटामुळे जीव वेगळा आणि तो धारण करणारा वेगळा, ही कल्पना नकळत आत शिरते, जी मूळ वाक्यात नाही.

मराठी वाचकाची येथे एक खास अडचण आहे आणि ती मान्य करायला हवी. 'आत्मा' म्हटले की आपल्या कानांत गीतेचा दुसरा अध्याय वाजू लागतो: जुनी वस्त्रे टाकून नवी धारण करणारा, शस्त्रांनी न तुटणारा, देह मारला गेला तरी न मारला जाणारा. नेफेश याच्या बरोबर उलट आहे. तो मरतो, मारला जातो, सुकतो, घुसमटतो, भुकेने कळवळतो. 'नेफेश ताहात नेफेश', म्हणजे 'जिवाबद्दल जीव', हा निर्गम २१:२३ मधला दंडनियम आत्मा अमर मानणाऱ्याला समजावून सांगता येणार नाही. ग्रीकभाषक ज्यूंनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून शास्त्राचे ग्रीक भाषांतर सुरू केले, तेव्हा नेफेशसाठी त्यांनी बहुतेक ठिकाणी 'प्सीखी' हा शब्द घेतला. त्या शब्दाला ग्रीक तत्त्वज्ञांच्या अमर आत्म्याचा रंग आधीच चढलेला होता. पुढे लॅटिनचा 'आनिमा' आणि इंग्रजीचा 'सोल' त्याच वाटेने आले. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून थेट हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत संपूर्ण भाषांतर केले, जे त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. इंग्रजीच्या मध्यस्थीवाचून मुळाशी जाण्याचे महत्त्व त्यांना किती वाटत असेल, ते या एका शब्दावरूनही कळते.

रक्ताचा संबंध तर अगदी ठोस आहे. अनुवाद १२:२३ म्हणते की रक्त हाच नेफेश आहे, म्हणून मांसाबरोबर नेफेश खाऊ नये. या मनाईवर ज्यू स्वयंपाकघरातली एक नित्याची कृती उभी आहे: मांस साधारण अर्धा तास पाण्यात भिजवायचे, मग सर्व बाजूंनी जाडे मीठ लावून तासभर उतरत्या फळीवर निथळत ठेवायचे, आणि मग पुन्हा पुन्हा धुवायचे, जेणेकरून रक्त निघून जाईल. मिठाच्या फळीवरून ओघळणारा तो लाल पाण्याचा थेंब, शास्त्राच्या शब्दांत, नेफेश आहे.

माणसे मोजतानाही हाच शब्द येतो. इस्राएल लोकांचा पूर्वज याकोब, त्याच्या घराण्यातले मिसरात आलेले सगळे मिळून ७० नेफेश होते, असे उत्पत्ती ४६:२७ सांगते. 'लेवीय' या पुस्तकातल्या नियमांत 'एखादा नेफेश अर्पण आणील तर' म्हणजे 'कोणीही अर्पण आणील तर'. आपण 'दोन जिवांची बाई' म्हणतो तेव्हा असेच जीव मोजत असतो.

यावरूनच प्रेताचे कोडे सुटते. गणना ६:६ मध्ये मूळ शब्द 'नेफेश मेत' आहेत, म्हणजे मेलेला नेफेश, मेलेले माणूस. पुढे वापरात 'मेत' गळून नुसता 'नेफेश'ही त्याच अर्थाने पुरू लागला. गणना ९:६ मध्ये काही माणसे 'मनुष्याच्या नेफेशमुळे' अशुद्ध झाल्याने त्यांना वल्हांडण हा सण पाळता येत नाही, आणि त्यांच्यासाठी एक महिन्यानंतर दुसऱ्या वल्हांडणाची सोय केली जाते. नेफेश म्हणजे आत्मा, असे धरून बसलो तर 'मेलेला आत्मा' हा वदतोव्याघात होतो. नेफेश म्हणजे समोरचा सबंध माणूस, असे धरले तर काहीच अडत नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर 'जीव' हा शब्द येथे हात टेकतो, कारण मराठीत प्रेत म्हणजे जीव गेलेले शरीर. येथे 'मृत माणूस' किंवा 'प्रेत' असेच लिहावे लागेल, आणि भाषांतरकारांनी ते बरोबरच केले आहे.

जिव्हाळ्याच्या वाक्यांत मात्र 'जीव' हा शब्द त्याच्याचसाठी घडवल्यासारखा बसतो. १ शमुवेल १८:१ मध्ये राजपुत्र योनाथानाचा नेफेश त्याचा मित्र दावीद याच्या नेफेशशी गाठ मारल्यासारखा बांधला जातो. म्हातारा याकोब आणि त्याचा धाकटा मुलगा बन्यामीन यांच्याबद्दलही उत्पत्ती ४४:३० मध्ये बांधण्याचे तेच क्रियापद आहे. याला मराठीत 'जीव जडणे' यापेक्षा चांगले काय असेल? याकोबाची बायको राहेल हिचा नेफेश बाहेर जातो, म्हणजे तिचा जीव जातो. निर्गम २३:९ मध्ये 'परक्याचा नेफेश तुम्हांला ठाऊक आहे, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता' असे म्हटले आहे, तेथे परक्याच्या जिवाला काय वाटते, त्याचा गळा कसा दाटून येतो, हे सगळेच त्या शब्दात आहे. आणि याच धातूचे क्रियापद शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसाच्या, संदर्भात येते: सातव्या दिवशी देव थांबला आणि 'वायिन्नाफाश', म्हणजे त्याने श्वास घेतला, निर्गम ३१:१७.

एका ठिकाणी सारखेपणा फसवा आहे, म्हणून सावध करतो. इफ्ताह नावाचा सेनानी 'शास्ते' या पुस्तकात १२:३ मध्ये म्हणतो की तुम्ही माझ्या मदतीला आला नाहीत, तेव्हा मी आपला नेफेश आपल्या तळहातात ठेवला आणि अम्मोनी लोकांवर चालून गेलो. लगेच 'जीव मुठीत धरून' असे लिहिण्याचा मोह होतो. पण मराठीत जीव मुठीत धरतो तो घाबरलेला माणूस, आणि इफ्ताह घाबरलेला नाही. त्याचा तळहात उघडा आहे. मराठीत त्याचे खरे भावंड 'शिर तळहातावर घेणे' हे आहे.

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाचा येथे खरा संबंध येतो. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' हे नाव मिळालेल्या या लोकांकडे हिब्रू ग्रंथ उरले नव्हते, तरी 'शमा इस्राएल' ('हे इस्राएला, ऐक') हे वचन त्यांनी टिकवले, ही त्यांची परंपरा प्रसिद्ध आहे. शास्त्रात त्या वचनाला लागूनच अनुवाद ६:५ येते: सगळ्या अंतःकरणाने, सगळ्या नेफेशने आणि सगळ्या बळाने देवावर प्रीती कर. 'सगळ्या नेफेशने' याचा अर्थ मिश्नाने, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या जुन्या संग्रहाने, सांगितला आहे तो असा, की तो तुझा नेफेश काढून घेत असला तरीही. म्हणजे मिश्नाच्या कर्त्यांनाही येथे देता येण्याजोगा, गमावता येण्याजोगा जीवच दिसत होता.

असे असले तरी 'आत्मा' हा अर्थ या शब्दाला कधीच लागला नाही असे मी म्हणणार नाही. उत्तरकालीन ज्यू परंपरेत तो लागला, आणि कसा लागला हे एका वाक्यात पाहता येते. ज्यू कबरींवर सर्रास पाच हिब्रू अक्षरे कोरलेली असतात: ताव, नून, त्सादे, बेत, हे. 'त्याचा नेफेश जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला असो' या वाक्यातील शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. त्यातला नून नेफेशचा. हे वाक्य १ शमुवेल २५:२९ वरून घेतले आहे, पण तेथे कोणी मेलेले नाही. नाबालाची बायको अबीगईल वाटेत दावीदासमोर वाकून म्हणते की माझ्या धन्याचा नेफेश जिवंतांच्या गाठोड्यात परमेश्वरापाशी बांधलेला राहील, आणि तुझ्या वैऱ्यांचे नेफेश तो गोफणीच्या 'काफ'मधून भिरकावून देईल. 'काफ' म्हणजे गोफणीची खोळ, आणि इफ्ताहाने ज्यात आपला नेफेश ठेवला तो तळहातही 'काफ'च. गोफणीनेच नाव कमावलेल्या तरुणाला त्याचा जीव राखला जाईल एवढेच ती सांगत होती. म्हणून शमुवेलच्या पुस्तकात भाषांतर करताना मी तेथे 'जीव' लिहीन. तेच शब्द कबरीवर कोरलेले असतील, तर तेथे 'आत्मा' लिहायला माझी हरकत नाही.