गेमची कव्हरं काढून पोट भरेल का?

पत्र : मी बार्शीचा. वीस वर्षं हाताने बोर्ड रंगवले, आता फ्लेक्सचं दुकान आहे. मुलगी सतरा वर्षांची, बारावी कॉमर्सला. टॅबलेटवर चित्रं काढते. ओळखीतल्या कॉलेजच्या मुलांनी भुताच्या वाड्याचा एक कॉम्प्युटर गेम केला, त्याचं स्टीम या ऑनलाइन दुकानातलं कव्हर हिने काढलं. दीड महिना खपत होती. चित्र बघून सगळ्यांनी वाहवा केली, पण दुकानात लागल्यावर त्यावर कोणी क्लिकच करेना. शेवटी मुलांनी ते उतरवून दुसरं लावलं. तेव्हापासून ती गप्प आहे, तरी म्हणते मला हेच करायचंय. असं काम खरंच असतं का? की मुकाट्याने बी.कॉम.ला घालू? आणि एआय आल्यावर हे काम उरेल का?

उत्तर :

नमस्कार दादा,

तुम्ही पत्रासोबत पाठवलेलं चित्र मी आधी लॅपटॉपवर पूर्ण उघडून पाहिलं. पडका वाडा, तुळशीवृंदावन, ओसरीवर सात माणसं, एकाच्या हातात कंदील, मागे पिंपळ. तुमच्या लेकीच्या हातात कसब आहे, हे मी मनापासून सांगते. मग तेच चित्र लहान करत करत नखाएवढं केलं. माणसं गेली, पिंपळ गेला, नावाची नाजूक अक्षरं तर सगळ्यात आधी गेली. उरला एक तपकिरी डाग. गिऱ्हाईक दुकानात जे पाहत होतं ते हे. तिला चित्र काढता येत नाही असा याचा अर्थ अजिबात नाही. तिने ते ज्या मापात काढलं, त्या मापात ते कोणाला दिसलंच नाही.

स्टीम हे कॉम्प्युटर गेमचं सगळ्यात मोठं ऑनलाइन दुकान. २०२४ या एका वर्षात तिथे अठरा हजारांहून जास्त नवे गेम आले. तिथल्या कव्हरला ‘कॅप्सूल’ म्हणतात आणि एका गेमला ती बऱ्याच मापांत द्यावी लागते. पानाच्या डोक्यावरची ९२० बाय ४३० पिक्सेलची, पहिल्या पानावर झळकणारी १२३२ बाय ७०६ ची, उभी ७४८ बाय ८९६ ची, खेळणाऱ्याच्या लायब्ररीत दिसणारी ६०० बाय ९०० ची. सगळ्यात छोटी ४६२ बाय १७४ ची, आणि यादीत ती आणखी आकसून १२० बाय ४५ इतकी होते. शोधणाऱ्याला गेम पहिल्यांदा दिसतो तो बहुधा याच चिमुकल्या पट्टीत.

ही गोष्ट तुम्हाला मी काय समजावणार? एसटी स्टँडसमोरचा बोर्ड रंगवताना तुम्ही दहा वेळा रस्ता ओलांडून पलीकडून पाहिलं असेल. धावत्या गाडीतून वाचता येणार नाही असं अक्षर तुम्ही ठेवलं नसेल. गेमचं कव्हरही तसंच, चालत्या गाडीतून वाचायचा बोर्ड आहे. तिने सुरुवात उलट्या टोकाने करायला हवी होती : १२० बाय ४५ च्या चौकटीत आधी तीन-चार ढोबळ आराखडे, त्यातला जो ओळखू येतो तोच मोठा करायचा.

आता तिच्या चित्राबद्दल थोडं सविस्तर, कारण तिचा सगळा पुढचा अभ्यास त्यात आहे.

सात माणसांपैकी एकच ठेवायचं. कोणतं, ते गेम ठरवतो. खेळणारा त्या वाड्यात काय करतो? लपतो, पळतो, की कोडी सोडवतो? हे तिने मुलांना विचारलं होतं का? पत्रावरून वाटतं, त्यांनी ‘वाडा आणि भूत’ एवढंच सांगितलं आणि ही कामाला लागली. आत्ताचं चित्र पाहून मला तर ती आजोळची हळवी गोष्ट वाटली. भुताचे गेम शोधणारा माणूस त्यावर थांबणार नाही, आणि हळव्या गोष्टीच्या आशेने जो आत येईल तो घाबरून परत जाईल. कव्हर सुंदर असून खोटं बोललं, तर त्याचा फटका गेमला बसतो.

दुसरं, उजेड. स्टीमचं पान मुळातच गडद निळसर आहे. त्यावर काळ्या कडांचं चित्र ठेवलं की चौकटच विरघळते, आणि भुताच्या गेमांची तर जवळपास सगळीच कव्हरं काळी. दाराच्या फटीतून येणाऱ्या पिवळ्या उजेडावर एकच काळी आकृती, एवढ्याने नखाएवढ्या पट्टीतही जीव आला असता. रंग काढून चित्र करडं करून पाहायची सवय तिला लावा. करड्यात आकृती वेगळी उठत नसेल, तर रंगाने ती उठणार नाही.

तिसरं, नाव. सर्वात छोट्या पट्टीत नावाने जवळजवळ सगळी जागा व्यापली तरी चालतं, स्टीमचीही तीच शिफारस आहे. नाव वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर हवं, माणूस वेगळ्या, वाडा वेगळ्या, म्हणजे आडव्या-उभ्या मापांत नव्याने मांडता येतं. एकाच चित्राला कात्री लावून सगळी मापं काढली की कुठे ना कुठे डोकं उडतंच. शिवाय १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमचा नियम आहे : या चित्रांवर गेमच्या नावाशिवाय मजकूर चालत नाही. बक्षिसं, परीक्षणातले तारे, ‘इतके टक्के सूट’, काही नाही.

एक अभ्यास सांगते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम २०२० मध्ये आला, जगभर खेळला गेला. त्याचं स्टीमवरचं पान तिने उघडावं आणि उभ्या, आडव्या, छोट्या मापांत काय ठेवलं नि काय सोडलं हे वहीत लिहावं. मग भुताचेच वीस गेम घेऊन तेच करावं. महिनाभर हे केलं की तिची नजर बदलेल.

आता तुमचा मूळ प्रश्न. हो, असं काम असतं. छोटे गेम करणारे बरेच जण प्रोग्रॅमर असतात, त्यांना कव्हर बाहेरून करून घ्यावं लागतं, आणि केवळ कॅप्सूल काढून देणारे चित्रकार जगभर आहेत. पण सुरुवातीची काही वर्षं काम सलग मिळत नाही. एका महिन्यात तीन, पुढच्या दोन महिन्यांत शून्य. म्हणून फक्त कव्हरांवर घर चालवायचा बेत आत्ता करू नका. पाया उपयोजित कलेचा असू द्या. त्यातून जाहिरात, पॅकेजिंग, पुस्तकांची मुखपृष्ठं, गेम स्टुडिओतलं काम अशा चार वाटा फुटतात. पुण्यातच युबिसॉफ्टसारख्या मोठ्या कंपनीचा स्टुडिओ आहे.

कॉमर्स आहे म्हणून दार बंद नाही. डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई घेते ती यूसीड ही प्रवेश परीक्षा कोणत्याही शाखेच्या बारावीवाल्यांना देता येते, आणि ती लागोपाठ दोनच वर्षं देता येते, त्यामुळे तयारीशिवाय एक संधी वाया घालवू नका. राज्यातल्या कला महाविद्यालयांच्या बी.एफ.ए. या चित्रकलेच्या पदवीसाठी वेगळी सीईटी आहे. मुंबईच्या सर जे. जे. या कलासंस्थेच्या प्रवेशाचे नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहा. तिने इंटरमिजिएट ड्रॉइंग दिली नसेल तर फार हळहळू नका, प्रवेश परीक्षेसाठी रोजचं स्केचिंग जास्त कामाला येईल. बी.कॉम. तिच्यासाठी मला योग्य वाटत नाही. तीन वर्षं ती मन मारून काढेल आणि हात गंजेल.

एआयचं भय खोटं नाही. अगदी स्वस्तातली कामं त्याने खाल्ली आहेत, हे मुलांपासून लपवू नये. पण जानेवारी २०२४ पासून गेममध्ये एआयने बनवलेलं काही असेल तर स्टीमवर ते जाहीर करावं लागतं, आणि अशा कव्हरांवर नाराज होणारे खेळाडू पुष्कळ आहेत. सातातली सहा माणसं काढून टाकायचा निर्णय घेणारं कोणीतरी लागतंच. तिने तो निर्णय घ्यायला शिकावं.

व्यवहाराचंही सांगते, कारण इथे मुलं फसतात. ती अठराची होईपर्यंत तिने केलेला करार कायद्यापुढे टिकत नाही, तेव्हा कागद तुमच्या नावे करा. निम्मे पैसे आधी घ्या. किती वेळा बदल करून देणार ते लिहा. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणून ‘हे काम मी माझ्या पोर्टफोलिओत (कामाच्या नमुन्यांच्या संग्रहात) दाखवेन’ ही ओळ करारात आधीच घालायची.

आणि त्या मुलांशी बोलणं तोडू देऊ नका. चित्र किती जणांना दिसलं आणि त्यातले किती जण पानावर आले, हे आकडे स्टीम गेम करणाऱ्याला दाखवतं. दोन्ही कव्हरांचे आकडे तिने मागून घ्यावेत. बारावीची परीक्षा झाली की तेच कव्हर पुन्हा काढावं, पैशासाठी नाही, स्वतःसाठी. जुनं, नवं आणि आकडे असं तिन्ही शेजारी मांडलेलं पान पोर्टफोलिओत असलं, तर मुलाखत घेणारा त्यावर नक्की थांबेल.

एक विनंती तुम्हाला. नव्या कव्हरावरचं नाव तुम्ही ब्रशने लिहून द्या. पाच-सहा तऱ्हांनी, जाड हाताने, कागदावर. ती स्कॅन करून घेईल. मग तिने छोट्या पट्टीच्या मापाचा प्रिंट काढून दुकानाच्या काउंटरवर चिकटवावा, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला काय वाचता येतं ते विचारावं. कुठलं अक्षर कुणाला लागलं नाही, ते मला कळवा.