‘बेल ऑन’ म्हणजे काय, जामिनाशी काही संबंध आहे का?

तुम्ही विचारलंय की तारकर्लीच्या होमस्टेवर उतरलेल्या परदेशी पाहुण्यांचा मेसेज आलाय, ‘सॉरी, वी हॅव टु बेल ऑन द बोट राइड टुमॉरो’, आणि बेल म्हणजे जामीन तर मग यातून काय समजायचं.

जामीन वगैरे काही नाही, उद्या ते बोटीला येत नाहीयेत एवढंच. आपण म्हणतो ना ऐनवेळी टांग दिली, कल्टी मारली, तेच हे. पण त्यांनी सॉरी आणि ‘हॅव टु’ लावलंय, म्हणजे नाइलाज आहे असं नम्रपणेच सांगतायत, तेव्हा प्लीज राग धरू नका. फक्त उत्तरात तुम्ही ‘यू बेल्ड ऑन अस’ लिहू नका हां, कारण हाच शब्द समोरच्याला उद्देशून वापरला की सरळ तक्रार होते, तुम्ही आम्हाला टांग दिलीत अशी. ‘नो प्रॉब्लेम, शॅल वी कीप इट फॉर अनदर डे?’ एवढं पुरे.

आता ऑनच्या जागी आउट आलं की अर्थ पार फिरतो. ‘ही बेल्ड मी आउट’ म्हणजे त्याने मला अडचणीतून बाहेर काढलं, आणि यात मी, हिम, अस हे मधेच येतं, ‘बेल्ड आउट मी’ असं कोणी म्हणत नाही. २००८ च्या मंदीत अमेरिकन सरकारने बँकांना पैसे दिले त्याला बेलआउट म्हणायचे ते हेच. आणि नुसतं ‘आय ॲम गॉना बेल’ म्हणजे चला मी सटकतो.

मला स्वतःला यातला सगळ्यात जवळचा अर्थ होडीचा वाटतो. लहानपणी वडलांबरोबर होडीत जायचो तेव्हा माझं काम एकच, कापलेला प्लास्टिकचा कॅन घेऊन तळातलं पाणी उपसत बसायचं, ते जाळं ओढायचे आणि मी उपसतोय उपसतोय, हात भरून यायचे पण थांबलं की पाणी परत घोट्यापर्यंत. इंग्रजीत त्या उपसण्यालाही बेल आउटच म्हणतात आणि हा बेल जुन्या फ्रेंचमधल्या बादलीच्या शब्दावरून आलाय, कोर्टातला बेल वेगळ्या फ्रेंच शब्दावरून, नंतर इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग एकच झालं. म्हणून तुमचा गोंधळ झाला तो अगदी साहजिक आहे. विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारण्यालाही बेल आउट म्हणतात, ब्रिटिश लोक तिथे बऱ्याचदा बी-ए-एल-ई असं स्पेलिंग करतात.

उच्चार करताना घंटीच्या बेलसारखा तोकडा नको, बेऽल असा जरा लांबवा. आणि बुकिंगच्या ईमेलमध्ये किंवा पावतीवर हा शब्द नको, तो मित्रामित्रांतला आहे, तिथे साधं कॅन्सल लिहा. होडीवाल्याला मात्र आज रात्रीच कळवून ठेवा, तो बिचारा सकाळी जेट्टीवर वाट बघत बसेल.